मॅनहोलपाशी थांबणारा माणूस

बंद टाकीत लोखंड गंजत असतं आणि गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेत असतं. शाळेत हे आपण सगळ्यांनी केलेलं असतं. खिळा, पाणी, परीक्षानळी आणि त्यावरचा दोन-तीन मार्कांचा प्रश्न. आता त्या परीक्षानळीच्या जागी जहाजाच्या पोटातली एक पोलादी टाकी धरा. तिचं झाकण चहूबाजूंनी नट आवळून बंद केलंय, तळाला थोडं खारं पाणी आणि गाळ उरलाय, आणि महिनाभर कुणी तिच्याकडे फिरकलेलं नाही. एक किलो लोखंड पूर्ण गंजायला साधारण ४३० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे जवळपास दीड घनमीटर हवेतला सगळाच्या सगळा. टाकीच्या भिंती, फ्रेमा, शिडी, जिथे जिथे रंग उडालाय तिथे हे काम रात्रंदिवस चालू असतं. महिन्यानं झाकण उघडलं तर टाकी होती तशीच दिसते. तोच काळोख, तीच ओल, तोच गंजाचा वास. आत हवा आहे, पण ती श्वासाच्या कामाची राहिलेली नाही, आणि हे सांगणारं आत काहीच नसतं.

माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर गेली. आता नवी मुंबईत बोटीवर जाणाऱ्या पोरांना शिकवतो. जहाजावर माणसं कशानं जातात असं बाहेरच्या कुणाला विचारलं तर वादळ म्हणतात, आग म्हणतात, हल्ली चाचे म्हणतात. मला ज्या मरणाची सगळ्यात जास्त चीड येते ते मरण शांत समुद्रात, कधी तर धक्क्याला बांधलेल्या जहाजावर, भर दिवसा, चहाच्या सुट्टीच्या आधी किंवा नंतर येतं. चीड अशासाठी, की ते टाळायला जे लागतं ते जहाजावरच कुठल्यातरी कपाटात असतं.

बंद जागा म्हटलं की डोळ्यांसमोर टाकी येते, पण जहाजावर अशा जागा पावलोपावली असतात. जहाज स्थिर राहावं म्हणून समुद्राचं पाणी भरायची बॅलास्ट टँक, तेलाच्या टाक्या, गोड्या पाण्याची टाकी, संडासाच्या मैल्याची टाकी, पंपरूम, नांगराची साखळी पडते तो चेन लॉकर, दोन टाक्यांमधली रिकामी पोकळी. आणि माल भरलेला होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातलं मालाचं कोठार. इंडोनेशियातून निघालेला कोळसा जयगडच्या धक्क्याला लागेपर्यंत वाटेत झाकणाखाली ऑक्सिजन खात येतो, वर मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. चिरलेलं लाकूडही ऑक्सिजन खातं. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या तर कार्बन मोनॉक्साइडसाठी बदनाम आहेत. भंगार, लोखंडाचा कीस, पेंड, खोबरं, यातलं काही विषारी म्हणून कुणी ओळखत नाही, पण बंद होल्डमध्ये महिनाभर ठेवलं की त्याच्यावरची हवा मरते. मासेमारीच्या बोटीवर मासळी ठेवायच्या कप्प्यात जरा मासळी कुजली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो सडक्या अंड्यासारखा घाण येतो हे खरं, पण हवेत त्याचं प्रमाण दहा लाखात शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांतच नाकाची वास घेण्याची शक्ती जाते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजून लोक पुढे सरकतात.

शरीराच्या या फसवणुकीबद्दल मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ बोलतो, कारण पोरांना ती खरीच वाटत नाही. त्यांचं म्हणणं असतं, सर, दम लागेल ना, जीव घुसमटेल ना, मग परत वर येऊ. नाही येणार. श्वास कोंडल्यावर आपल्याला जी तडफड होते ती ऑक्सिजन कमी पडल्यामुळे होत नाही, ती रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. गंजलेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड साठत नाही. तुम्ही श्वास आत घेता, बाहेर सोडता, छाती नेहमीसारखी हलते, शरीराला सगळं ठीक वाटतं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १६ च्या खाली गेला की डोकं मंद चालायला लागतं, आणि मंद डोक्याला आपण मंद झालोय हे कळत नाही. काहींना तर उलट बरं वाटतं, हुशारी वाटते. १० च्या खाली शुद्ध जाते. ५-६ टक्क्यांत दोन-चार श्वास पुरतात. माणूस शिडीवर असेल तर हात सुटतो आणि तो खाली पडतो, आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं, पाय घसरला.

वरून पाहणाऱ्याला असं वाटतं, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

२३ सप्टेंबर २००७. उत्तर समुद्र, इंग्लंडच्या ईस्ट यॉर्कशर किनाऱ्यापासून २५ मैलांवर. वायकिंग आयले नावाचं जहाज समुद्रात विहीर खोदणाऱ्या एका रिगजवळ तैनात होतं. या जहाजाचं कामच मुळी बचावाचं. रिगवर काही झालं, कुणी पाण्यात पडलं, की यांनी धावायचं. म्हणजे त्यावरची माणसं जीव वाचवण्याचं शिक्षण घेतलेली, अनुभवी. त्या दिवशी अडचण अगदी किरकोळ होती. चेन लॉकरमध्ये नांगराची साखळी खडखडत होती. ती जरा बांधून टाकावी म्हणून दोघं खलाशी पुढे गेले. एक आत उतरला आणि कोसळला. दुसऱ्याच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. त्यानं आधी वर कळवलं. इथपर्यंत त्यानं सगळं बरोबर केलं होतं. मग तो मित्राला उचलायला आत गेला, आणि तोही कोसळला.

तिसरा आला तो तयारीनं आला. पाठीवर हवेची बाटली, तोंडावर मास्क, पूर्ण ब्रीदिंग सेट. पण त्या सेटसकट चेन लॉकरच्या तोंडातून आत शिरता येईना. तोंड अरुंद होतं. खाली दोन सहकारी पडलेले दिसतायत, एकेक सेकंद जातोय. त्यानं तो सेट सोडला आणि निसटण्यासाठी ठेवलेलं छोटं उपकरण डोक्यावर चढवलं. डोक्यावर ओढायची टोपी आणि लहानशी बाटली, असं ते असतं. धुरानं भरलेल्या जागेतून बाहेर पळता यावं एवढ्यासाठीच ते बनवलेलं असतं, मोजक्या मिनिटांसाठी. विषारी जागेत शिरून माणूस ओढून काढायला ते मुळीच नसतं. तो आत गेला. आत कधीतरी ती टोपी निघाली किंवा सरकली. तिघेही गेले.

ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागानं याचा अहवाल काढला. कारण काय, तर लॉकर आणि साखळी गंजत राहिल्यामुळे आतली हवा जगण्यालायक उरली नव्हती. बाकी काही नाही. गळती नाही, स्फोट नाही, विषारी माल नाही. लोखंड आणि खारी ओल.

मी हा अहवाल पुन्हा पुन्हा वाचतो, आणि दर वेळी तिसऱ्या माणसापाशी थांबतो. पहिला अनभिज्ञ होता असं म्हणू. दुसरा गडबडला. तिसऱ्याला धोका माहीत होता. त्यानं योग्य वस्तू आणली होती. ती वस्तू दारातून आत जात नाही हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्या क्षणी माघार घेणं त्याच्या अंगवळणी नव्हतं. ते कुणाच्याच नसतं.

आपल्याकडचंच पाहा. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी, गोबरगॅसचं शेण-पाणी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण उतरताना त्याच्या कमरेला दोर होता. समुद्राशी या गावाचा संबंध नाही, पण घटनेचा सांगाडा तोच आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षा संस्थेनं १९८६ मध्येच सांगून ठेवलं होतं की बंद जागांमधल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. विहीर असो, गटार असो, ड्रेनेज चेंबर असो की जहाजाची टाकी, आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं की पडलेल्याला हात द्यावा, बघत उभं राहू नये. चांगल्या घरात वाढलेलं पोर धावणारच. म्हणून मला बेफिकीर पोरांपेक्षा मायाळू पोरांची काळजी जास्त वाटते.

वर्गात मी एक प्रश्न हमखास विचारतो. तू मॅनहोलपाशी, म्हणजे टाकीत उतरायच्या तोंडापाशी, ड्युटीला आहेस. खाली तुझा रूममेट आहे, तुझ्याच गावचा. तो हाकेला ओ देत नाही. टॉर्च मारलीस तर तो तळाशी पडलेला दिसतो. तू काय करशील? बहुतेक पोरं म्हणतात, उतरेन. काही म्हणतात, श्वास रोखून उतरेन. एखादा हुशार असतो तो पुस्तकातलं उत्तर देतो, अलार्म देईन आणि थांबेन. त्याला मी विचारतो, किती वेळ थांबशील? तो गप्प होतो. बचाव पथक सेट चढवून, बाटलीतला दाब तपासून, दोर आणि हार्नेस घेऊन येईपर्यंत चांगल्या जहाजावरही काही मिनिटं जातात. ती मिनिटं तिथे उभं राहून काढायची, खाली माणूस दिसत असताना. याच्याइतकं अवघड काम मी जहाजावर दुसरं पाहिलेलं नाही. पण खालच्या माणसाला जी काही संधी असते ती त्याच उभ्या राहिलेल्या माणसामुळे असते. तोही उतरला तर पथकाला एकाऐवजी दोघांना काढावं लागतं, आणि आत किती जण आहेत हे सांगणारा कुणी उरत नाही.

हे काम नीट करणारा एक बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, माझ्या डोळ्यांसमोर आहे. दाभोळकडचा. मी तेव्हा चीफ ऑफिसर होतो आणि आम्हाला डबल बॉटमची, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळामधली, टाकी आतून तपासायची होती. त्यानं आदल्या दिवशीच झाकणाचे नट सोडवून ठेवले, पण काढताना शेवटचे दोन नट अर्धेच सैल केले आणि झाकण पहारीनं जरासं उचलून पाहिलं, आत दाब असेल तर तो आधी सुटावा म्हणून. मग तोंड पूर्ण उघडून बाहेरची हवा आत ढकलणारा ब्लोअर लावला, त्याची कापडी नळी थेट तळापर्यंत सोडली. नळी अर्ध्यावर लटकत ठेवली तर वरचीच हवा वर फिरते आणि तळ तसाच राहतो. रात्रभर ब्लोअर चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लोअर थोडा वेळ बंद करून वायू मोजायच्या मीटरची बारीक नळी खाली सोडली आणि तीन पातळ्यांवर मोजलं. वर, मध्ये आणि तळाला. कारण मिथेन वर तरंगतो, हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो आणि कार्बन मोनॉक्साइड सगळीकडे मिसळतो. ऑक्सिजनचा आकडा २०.९ वर आला तरच काम सुरू. २०.५ ला मी परवानगी दिली नाही. जवळपास अर्धा टक्का कुठे गेला, तो कोण घेतोय, हे कळेपर्यंत उतरायचं नाही.

आमच्याबरोबर सांगलीचा एक कॅडेट होता, पहिल्याच बोटीवर. आम्ही टाकीत जाऊन तपासणी करून वर आलो, बोसननं वहीत नावापुढे बाहेर आल्याची वेळ लिहिली. पोराच्या लक्षात आलं की टॉर्च खालीच राहिली.

"काका, पटकन घेऊन येतो. दोन मिनिटं."

बोसन मॅनहोलच्या कडेवर पाय ठेवून उभा राहिला. "वहीत तू बाहेर आहेस."

"अहो, आत्ताच तर आलो ना वर. हवा तीच आहे."

"ब्लोअर बंद केलाय. साहेबांचा मीटर परत ठेवलाय. टॉर्च कंपनीची आहे, बाबा. तू तुझ्या आईचा आहेस."

पोर ओशाळलं. टॉर्च तिथेच राहिली, पुढच्या वेळी टाकी उघडली तेव्हा मिळाली. मला त्या बोसनचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं, की तो हे रागावून बोलला नाही आणि माझ्याकडे बघूनही बोलला नाही. तिथे उभं राहणं हे त्याचं काम होतं आणि त्या कामात त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

कागदावर तर आता सगळं आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०११ मध्ये बंद जागांत शिरण्याबद्दलच्या सुधारित सूचना काढल्या. जानेवारी २०१५ पासून अशा जागेत शिरण्याची आणि बचावाची कवायत दर दोन महिन्यांनी सक्तीची झाली. जुलै २०१६ पासून प्रत्येक जहाजावर ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारा मीटर ठेवणं बंधनकारक झालं. म्हणजे २००७ साली ते तिघे गेले तेव्हा हे शेवटचे दोन्ही नियम नव्हते. नियम आले ते अशाच मरणांतून आले.

पण कवायत कशी होते ते मी पाहिलेलं आहे. डेकवर डमी आडवी, दोघं हार्नेस घालून उभे, कॅडेट फोटो काढतो, फोटो ऑफिसला जातात, फाइल पूर्ण. डमी प्रत्यक्ष टाकीतून, त्या अरुंद भोकातून, उभ्या शिडीवरून ओढून काढलेली मी क्वचितच पाहिली. परमिटचं तेच. उतरण्याआधी भरायचा कागद दुपारी केबिनमध्ये बसून भरला जातो आणि मीटरचे आकडे नेहमीचे म्हणून नेहमीसारखे लिहिले जातात. हे सगळं आळसामुळे होतं असं मी म्हणणार नाही. जहाज एका बंदरात कोळसा उतरवतं आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या बंदरात धान्य भरायला उभं राहतं. त्या दोन-तीन दिवसांत सगळे होल्ड धुऊन, सुकवून, तपासणीवाल्याला दाखवायला तयार हवेत. तपासणीत नापास झालं की जहाजाचं भाडं थांबतं, आणि मग किनाऱ्यावरून फोन सुरू होतात. त्या फोनवर कुणी कधी परमिट नका भरू असं म्हणत नाही. ते फक्त विचारतात, अजून किती वेळ? माणसं अपुरी, झोप अपुरी, आणि रात्रभर ब्लोअर चालवा असं सांगणारा नियम हातात. ही घाई ज्यांच्या गणितात असते त्यांनी टाकी आतून कधी पाहिलेली नसते, आणि अपघातानंतरच्या अहवालात मात्र सूचना न पाळणाऱ्या खलाश्याचं नाव पहिलं येतं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते पोरांसमोरही लपवत नाही.

दुसरी गोष्ट यादीची. बंद जागांची यादी प्रत्येक जहाजावर असते, भिंतीला लावलेली. पण हवा ती यादी वाचत नाही. जानेवारी २००८ मध्ये सावा लेक या जहाजावर दोन खलाशी पुढच्या स्टोअरमध्ये शिरले आणि तिथेच दगावले. ते साधं स्टोअर होतं, रोज वापरातलं. होल्डमध्ये लोखंडाचा कीस भरलेला होता आणि होल्डमधली मेलेली हवा शेजारच्या या खोलीत झिरपली होती. मे २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या गूल बंदरात सुंटिस नावाच्या जहाजावर तिघे गेले. माल होता चिरलेलं लाकूड. ते ज्या जागेत सापडले ती होल्डमध्ये उतरायच्या शिडीची छोटी जागा होती. नंतर मोजलं तेव्हा डेकच्या जरा खाली ऑक्सिजन १० टक्के होता आणि शिडीच्या तळाशी ५ ते ६. धक्क्याला बांधलेलं जहाज, बाहेर मोकळं आकाश, आणि शिडीच्या काही पायऱ्यांत एवढा फरक. आपल्या माझगाव डॉकमध्ये मार्च २०१४ मध्ये नौदलाच्या एका नव्या युद्धनौकेवर चाचण्या चालू असताना आग विझवण्याच्या यंत्रणेतला कार्बन डायऑक्साइड सुटला आणि एका अधिकाऱ्याचा जीव गेला. तिथे तर जागा बंद असण्याचीही गरज लागली नाही. वायूनंच तिला बंद करून टाकलं.

म्हणून मी पोरांना सांगतो, यादी पाठ करू नका, शेजार बघा. या दाराच्या पलीकडे काय भरलंय, ते काय खातंय, काय सोडतंय, आणि दोन्हींच्या मध्ये कुठली नळी, कुठलं भोक आहे.

मागच्या बॅचमधल्या एका मुलानं तास संपल्यावर मला गाठलं. रत्नागिरीचा, घरातला पहिलाच बोटीवर जाणारा. वडिलांनी कर्ज काढून फी भरली होती, ते त्यानं मला आधी सांगितलेलं होतं. त्यानं विचारलं, "सर, चीफ ऑफिसर म्हणाले उतर, आणि मला शंका आली, तर मी नाही कसं म्हणणार? पहिल्याच बोटीवरून घरी पाठवलं तर?"

असं होत नाही, असं मी त्याला म्हणालो नाही. होतं. चांगल्या जहाजावर होत नाही, सगळीकडे चांगलं जहाज मिळत नाही. मी त्याला एक वाक्य दिलं, जे कॅडेटलाही वरिष्ठासमोर बोलता येतं. "सर, मीटर लावून आकडा दाखवा, लगेच उतरतो." यात नकार नाही, उद्धटपणा नाही, आणि कुठल्याही अधिकाऱ्याला याला कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हटलं तर ते त्याच्याच अंगावर येतं. आणि मॅनहोलपाशी ड्युटी लागली तर एकट्यानं उभं राहायचं नाही वॉकीटॉकीशिवाय, आणि वॉकीटॉकीवर ब्रिजशी, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीशी, बोलून पाहिल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही.

तो ते मोबाइलवर टाइप करत होता. मग म्हणाला, "आणि मीटर बिघडलेला असेल तर?"

"तर त्या दिवशी टाकी उघडत नाहीत."

"आणि तरी उघडली तर?"

मग मी त्याला खुर्ची दिली आणि आम्ही तासभर बसलो. मास्टरला, म्हणजे कॅप्टनला, कसं सांगायचं, कुठल्या वहीत काय आणि कुठल्या शब्दांत लिहायचं, कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर जहाजावर कुठे लावलेला असतो, आणि तो नंबर बोटीवर चढल्या दिवशीच स्वतःच्या फोनमध्ये का घालून ठेवायचा.